आत्म्याचे फळ कोणी खायचे?

जांभळी शाई (धागा)

मंडळी, सलाम आणि नमस्कार दोन्ही. इथले सगळेच वाचक चर्चमध्ये जाणारे नाहीत हे माहीत आहे.

विषय जुनाच आहे. बायबलमधले गलतीकरांस पत्र, अध्याय ५, वचने २२ आणि २३. 'आत्म्याच्या द्वारे निष्पन्न होणारे फळ प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन हे आहे.' ख्रिस्ती घरात वाढलेल्याला ही यादी पाढ्यासारखी पाठ असते. संडे स्कूलच्या भिंतीवर नऊ फळांचे चित्र असतेच, आणि त्यात हमखास सफरचंद नि द्राक्षे. नगर जिल्ह्यात राहून कुणी चिंच किंवा बोर काढलेले मी तरी पाहिलेले नाही.

चित्राबद्दल तक्रार नाही. यादी शिकवतात कशी, याबद्दल आहे. 'यातले तुझ्यात किती आहेत? स्वतःला गुण दे.' मुले बिचारी सौम्यतेला सात, इंद्रियदमनाला चार असे आकडे टाकतात. मोठ्यांच्या बायबल अभ्यासातही वेगळे काही होत नाही, फक्त आकडे मनातल्या मनात टाकले जातात. म्हणजे सद्गुण हे माझे प्रगतिपुस्तक. शेजारच्याला त्यातून काय मिळाले, हा रकानाच नाही.

हे पत्र पहिल्यापासून सलग वाचा. ते लिहिणारा पौल चिडलेला आहे. दुसऱ्या अध्यायात तो अंत्युखियातला प्रसंग सांगतो: पेत्र आधी परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता, पण यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली तसा त्यांना भिऊन बाजूला झाला, आणि पौलाने सगळ्यांसमोर त्याला सुनावले. पंगतीतून उठणे म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे पाचव्या अध्यायात, फळाच्या वचनाच्या थोडेच आधी, पंधरावे वचन येते. त्याचा आशय असा की तुम्ही एकमेकांना चावून खात असाल तर सांभाळा, एकमेकांच्या हातूनच संपून जाल. हे वचन कुणी फळ्यावर लिहीत नाही. पण आधी हे आणि मग ते, असाच क्रम आहे. एकमेकांना खाणारी मंडळी समोर ठेवून पौल फळाबद्दल बोलतो. मला त्याचा अर्थ सरळ दिसतो: माणसांना खाऊ नका, माणसांना खाता येईल असे काही तुमच्यावर लागू द्या.

याचे माझ्यासाठी सर्वांत ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाई. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेले. भावाबरोबर उपाशीपोटी भारतभर पायी फिरल्या. वीसेक वर्षांनी, १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावला नेले. ती जमीन त्यांच्या पुण्यातल्या शारदासदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेला, उत्पन्न मिळावे म्हणून घेतलेली होती, तिच्यावर फळबाग लावलेली होती. तिथे गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि 'मुक्ती' ही संस्था झाली. पुढच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारांच्या पुढे गेली. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की आपल्याला जे सांत्वन मिळाले त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्याचे सांत्वन करावे. रमाबाईंच्या हातून हे वाक्य भाकरीच्या रूपात आले. नुसते सांत्वन करून त्या थांबल्या नाहीत. शिवण, विणकाम, तेलघाणा, छापखाना. खिळे जुळवणाऱ्या, पाने बांधणाऱ्या मुली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल याच छापखान्यात तयार झाले. ते १९२४ मध्ये बाहेर पडले तेव्हा त्या हयात नव्हत्या.

तर प्रश्न असा: ज्या गुणांनी दुसऱ्याचे पोट, मन, आयुष्य भरले ते गुण तुम्हाला कुठे दिसले? आणि आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, हे शिकवायचे कसे? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहावे.

भुईकोट

+१. पंधराव्या वचनाकडे कधी लक्ष गेले नव्हते. आमच्या मंडळीच्या निवडणुकीच्या आधी ते दारावर लावायला हवे.

शंकासुर

धागा आवडला. मी देवळातही क्वचितच जातो, चर्चचा प्रश्नच नाही. दोन शंका.

पहिली: यात खास ख्रिस्ती काय आहे? काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आम्ही चौथीत ऐकली. तिथेही भक्ती देवापर्यंत पोचायच्या आधी गाढवापर्यंत पोचली.

दुसरी जरा बोचरी आहे. दुष्काळात भाकरी द्यायची आणि सोबत धर्मही द्यायचा, याला 'फळ' म्हणायचे की आमिष? शारदासदनावरून पुण्यात जे रण पेटले ते विसरून चालणार नाही.

जांभळी शाई

शंकासुर, पहिल्यावर भांडण नाही. ना. वा. टिळक स्वतः सांगत की तुकोबांच्या सेतूवरून ते ख्रिस्तापर्यंत आले. एकनाथांचे गाढव मी संडे स्कूलमध्ये सांगते आणि मुलांना ते चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याइतकेच आवडते. ख्रिस्ती माणसाचे म्हणणे एवढेच असते की हे फळ माझ्या जोरावर लागत नाही, योहान १५ मधल्या फाट्यासारखे मी वेलात राहिलो तर लागते. त्यामुळे मिरवायला जागा उरत नाही. निदान उरू नये.

दुसरी शंका रास्त आहे. १८८९ मध्ये शारदासदन सुरू झाले ते धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या शब्दावर, आणि १८९३ मध्ये तो शब्द पाळला जात नाही म्हणून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. 'केसरी'ने तर रान उठवले. रमाबाईंची बाजू अशी की मी कुणावर सक्ती केली नाही, माझ्या प्रार्थनेचे दार मात्र बंद करणार नाही. तुम्हाला हे पटेल असे नाही. पण एक बघा: मुक्तीत आलेल्या कितीतरी मुली अशा होत्या की त्यांच्यासाठी दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते. कृपासदनात समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायका होत्या. अंध मुलींसाठी वेगळी सोय होती, रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई, तिने त्यांना ब्रेल शिकवले. ज्यांच्याकडून परत काहीच मिळणार नाही त्यांना आमिष कशासाठी दाखवायचे?

शंकासुर

संख्या परत मिळते की. असो. पण ब्रेलचा मुद्दा मान्य. वाचतोय.

मोगरा

बरेच दिवस वाचनमात्र होते. हा धागा बघून लिहावेसे वाटले.

या यादीतला चौथा शब्द ऐकला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. सहनशीलता. लग्नानंतर घरात मारहाण सुरू झाली तेव्हा मी आधी आमच्या पाळकांकडे गेले. माहेरी जायच्याही आधी. त्यांनी प्रार्थना केली, फार मायेने बोलले, आणि म्हणाले, 'बाई, आत्म्याचे फळ आहे ते. तुझ्या सहनशीलतेने त्याचे मन पालटेल.' मी सहन केले. त्याचे मन पालटले नाही. माझा एक दात गेला.

जांभळी शाई, तुम्ही म्हणता फळ दुसऱ्याने खायचे असते. बरोबर. पण मंडळीत कुणाच्या झाडाचे फळ सगळ्यांत जास्त खाल्ले जाते ते पाहिलेत का? सुनेच्या. विधवेच्या. कमी पगारावर घरोघरी बायबल सांगत राबणाऱ्या बायबलबाईच्या. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला सौम्यतेवर प्रवचन ऐकवल्याचे मला आठवत नाही. तुम्हीच दाखवलेले पंधरावे वचन घ्या. काही जणींची ममता आणि सहनशीलता म्हणजे दुसरे काही नाही, चाललेल्या खाण्याला वाढलेले ताट आहे.

आज मी वेगळी राहते, नोकरी करते, मंडळीत जाते. दुसऱ्या मंडळीत.

भुईकोट

मोगराताई, वाचून सुन्न झालो. लिहिलेत हे बरे केलेत.

सेवक सोलापूर

प्रभूच्या नावात सलाम. मी स्वतः पाळक आहे. मोगराताई, तुम्हाला दिलेला सल्ला चुकीचा होता. मारहाणीला सहनशीलतेचे नाव देणे हा वचनाचा दुरुपयोग आहे.

तरीही एक सांगतो, राग मानू नये. या अनुभवामुळे सहनशीलता हा गुणच संशयित ठरवू नका. पिलाताच्या पुढे आपला प्रभू गप्प उभा राहिला. पेत्राने किती वेळा क्षमा करू विचारले तेव्हा सातांच्या सत्तर वेळा असे उत्तर आले. मंडळीत रोज बारीकसारीक गोष्टींवरून माणसे एकमेकांपासून तुटतात. खुर्च्या कुणी लावायच्या, गायनमंडळात पुढे कोण उभे राहणार. तिथे एक जण सोसतो म्हणून दहा जण एकत्र राहतात. माझी आई अशी होती. तिच्या सोसण्यावर आमचे घर उभे राहिले. ते सोसणे पाहून मी सेवेत आलो. त्याला मी ताट वाढणे म्हणू शकत नाही.

मोगरा

पाळकसाहेब, राग नाही. तुमच्या आईंना मी काय म्हणणार? पण त्यांना सोसावे लागू नये म्हणून कुणी काही केले का, हे तुम्ही लिहिले नाहीत.

आणि सातांच्या सत्तर वेळा ज्या अध्यायात आहे, मत्तय १८, त्याच अध्यायात थोडे वर पाहा. अपराध करणाऱ्याला एकट्याने गाठून सांग. ऐकले नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांग. मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला बाहेरचा समज. मला मधल्या पायऱ्या गाळून एकदम सत्तरच्या पायरीवर बसवले गेले.

वसईचा पाऊस

आम्ही कॅथलिक असल्याने आमच्याकडे याद्या जरा जास्तच आहेत. (तुमची नऊ फळे, आमच्या धर्मशिक्षणात बारा. लॅटिन बायबलच्या परंपरेत तशी आली.) शिवाय चार मुख्य सद्गुण: सुज्ञता, न्याय, धैर्य, संयम. शलमोनाच्या नावाने असलेल्या ज्ञानग्रंथाच्या आठव्या अध्यायात हे चारही एकत्र येतात. तो ग्रंथ प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, म्हणून कदाचित तुमच्या भिंतीवर ही दुसरी यादी नाही.

मला वाटते मोगराताईंच्या प्रश्नाचे उत्तर या दोन याद्या शेजारी ठेवल्यावर मिळते. न्याय काढून घेतला की सहनशीलता म्हणजे निव्वळ सोय होते, आणि ती नेहमी वरच्याची. संत थॉमस अक्वायनस धैर्याबद्दल लिहिताना म्हणतो की हल्ला करण्यापेक्षा टिकून राहणे हे धैर्याचे मोठे काम. म्हणजे पाळकसाहेबांच्या बाजूने झाले. पण तोच थॉमस असेही म्हणतो की जिथे राग यायला हवा तिथे तो न येणे हाही दोष आहे. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताचा माणूस समोर असताना सगळे गप्प बसतात तेव्हा येशू त्यांच्याकडे रागाने पाहतो, असे स्पष्ट लिहिले आहे. मग काय करतो? हात बरा करतो. त्याच्या रागातूनही समोरच्याला काहीतरी मिळाले.

आमच्याकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो. उर्वरित महाराष्ट्राला ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत. आम्हा वसईकरांना मात्र १९८० च्या दशकाच्या शेवटची हरित वसईची चळवळ आठवते. बागायती कापून इमारती उठत होत्या, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जात होते, गुंडांची दहशत होती. फादर बोलायला मऊ. आवाज चढवताना फारसे कुणी पाहिले नसेल. पण धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत, आणि ख्रिस्ती, आगरी, भंडारी, सगळ्या जातीधर्मांची माणसे त्यांच्यामागे रस्त्यावर उतरली. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा पावसात लोटलेली गर्दी सगळी मिस्साला जाणाऱ्यांची नव्हती. सौम्यता म्हणजे काय, याचे माझे चित्र ते आहे.

केडगाव शटल

मूळ धाग्यात रमाबाई आल्याच आहेत तर एक भर. मोगराताई आणि पाळकसाहेब दोघांनाही ती उपयोगी पडेल.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो वाचण्यासारखा आहे. त्यातला मोठा वाद आज्ञाधारकपणावर आहे. वडीलधाऱ्यांचे ऐकणे हा ख्रिस्ती नम्रतेचा भाग, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की मला विवेक दिला आहे तो देवाने, आणि तो मी कुणाच्या हवाली करणार नाही. रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. रमाबाईंना याचे नवल वाटले. आपल्या देशात त्या पुरुषांच्या सभांत संस्कृतात व्याख्याने देऊन आल्या होत्या! ख्रिस्ती होऊन आपले स्वातंत्र्य कमी करून घेणे त्यांच्या हिशोबात बसत नव्हते.

पुढे १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या रुग्णालयात बायकांचे जे हाल होत त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. सरकारला ते झोंबले. म्हणजे बिशप झाले, 'केसरी' झाला, सरकार झाले, कुणापुढे त्या वाकल्या नाहीत. आणि त्याच काळात दुष्काळातल्या मुलींच्या जखमा, उवा, आजार यांत बुडालेल्या होत्या. सोसणे आणि न सोसणे एकाच बाईत होते. कुणासाठी सोसायचे आणि कुणाचे ऐकून घ्यायचे नाही हे तिला पक्के कळत होते.

(हे पुणे-दौंड शटलमध्ये बसून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

आत्याबाई

वा. शटलमध्ये एवढे सुचते तर बसायला जागा मिळाली असणार.

माळरान

जामखेडचे कुणी लिहील म्हणून थांबलो होतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० मध्ये जामखेडला येऊन राहिले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला. ख्रिस्ती श्रद्धेतून आले होते आणि ते लपवलेही नाही. पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या दवाखान्याबद्दल नाही.

सेवेची एक रीत अशी असते की देणारा कायम देणारा राहतो आणि घेणारा कायम रांगेत. आरोळ्यांनी ती मोडली. गावानेच एक बाई निवडायची, तिला आरोग्याचे शिक्षण द्यायचे. बहुतेक जणी निरक्षर, बऱ्याच दलित, कितीतरी नवऱ्याने टाकलेल्या. बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, रक्तदाब मोजणे, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे. डॉक्टर जे स्वतःच्या खिशात ठेवतात ते सगळे या बायकांच्या हातात गेले. काही वर्षांनी याच बायका बाहेरून आलेल्या डॉक्टरांना शिकवू लागल्या. मी लहान असताना आमच्या गावच्या अशा एका बाईंना पाटलाच्या वाड्यात मधल्या चौकात बसून सुनेला दटावताना पाहिले आहे. त्यांची आई त्याच वाड्याच्या बाहेर उभी राहत असे.

आणि पाण्याची गोष्ट. दुष्काळानंतर गावोगाव हातपंप बसले तेव्हा आरोळ्यांनी ते दलित वस्तीत बसतील असे पाहिले. पाणी हवे तर सगळ्या गावाने तिकडे यायचे. भाषण नाही, मोर्चा नाही. पौलाने पेत्राला तोंडावर सुनावले. आरोळ्यांनी बोअरची जागा बदलली. वसईकर म्हणतात तो न्याय आणि सुज्ञता, दोन्ही त्यात आहे. जरा लबाडीसुद्धा. तिला कोणत्या यादीत घालायचे ते पाळकसाहेबांनी सांगावे.

सेवक सोलापूर

सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हा, मत्तय १०:१६. झाली की सोय.

रात्रपाळी

मी नर्स आहे. मिशनच्या दवाखान्यात शिकले, आता सरकारी दवाखान्यात. धाग्यात सगळे मोठ्या लोकांबद्दल चालले आहे म्हणून थोडे लहान लिहिते.

आमच्या कामात ममता ही अंगातली गोष्ट आहे, आणि अंग दमते. सलग रात्रपाळ्या झाल्या की चौथ्या वेळी बोलावणाऱ्या पेशंटच्या आवाजाने डोके फिरते. अशा वेळी कुणी 'प्रभू तुला सामर्थ्य देईल' म्हणाले की मला त्याच्या हातात बेडपॅन द्यावेसे वाटते. माझ्याबरोबरच्या दोन चांगल्या मुली असेच ऐकत ऐकत नोकरी सोडून गेल्या. एक तर चर्चमध्ये यायचीही थांबली.

मला आधार देते ती एलीया संदेष्ट्याची गोष्ट. १ राजे १९. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम केलेला माणूस रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, म्हणतो, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपतो. दूत त्याला झोपू देतो आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घालतो. मग पुढचा प्रवास. येशूनेही शिष्यांना, जेवायलाही फुरसत नव्हती तेव्हा, रानात येऊन थोडे विसावा घ्या म्हटले आहे. मार्क ६:३१.

म्हणून 'तुमचे गुण दुसऱ्याला पोसोत' हे ठीक, पण पोसणाऱ्याला कोण पोसतो हे मंडळीने बघावे. आमच्या मंडळीतल्या एक आजी माझी रात्रपाळी असली की सकाळी दारात डबा ठेवून जातात. बेल वाजवत नाहीत, कारण मी झोपलेली असते. त्यांना नऊ फळे म्हणून दाखवा म्हटले तर तीन आठवतील. त्यांच्या डब्यामुळे मी माझ्या पेशंटशी नीट बोलते. एवढेच.

जांभळी शाई

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी महिला मंडळात वाचून दाखवणार आहे. बेडपॅनसकट.

शंकासुर

आता माझी आणखी एक शंका. आतापर्यंत आलेली उदाहरणे पाहिली तर आजी, नर्स, रमाबाई, मेबलबाई, गावातल्या आरोग्यसेविका. पुरुष अगदीच थोडे. गुण सगळ्यांसाठी आणि राबायला बायका, असे तर नाही ना?

आत्याबाई

शंकासुर, हे तुम्हाला आज कळले? आमच्याकडे प्रीतिभोजनाला भाजी चिरायला कोण असते आणि आभारप्रदर्शनात नाव कोणाचे येते ते एकदा येऊन बघा.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना आठवेल, त्यांचे पती ना. वा. टिळक घरातले देऊन मोकळे होत आणि उद्याची चूल कशी पेटवायची हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे राही. औदार्याचा हिशोब बायको चुकवत होती. पण गंमत अशी की त्याच लक्ष्मीबाईंनी सोवळे-ओवळे एवढे कडक पाळून शेवटी स्वतः विचार करून ठरवले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. कुणी उपदेश करून नाही. जांभळी शाईंनी पेत्राच्या पंगतीचे लिहिले ना, ही त्याची उलटी बाजू. तो उठला, ही बसली.

मोगरा

आत्याबाई, सुंदर.

मी मघापासून एक उतारा शोधत होते. मार्क १२. विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी. दानाचा विषय निघाला की हा उतारा वाचला जातो: बघा, तिने सगळी उपजीविका टाकली. आता त्याच्या लगेच आधीचे वचन, चाळीसावे, वाचा. येशू शास्त्र्यांबद्दल सावध करतो आहे. हे लोक विधवांची घरे गिळतात आणि लांबलचक प्रार्थना करतात. आणि पुढच्याच वाक्यात एक विधवा येऊन आपल्याजवळचे होते नव्हते ते सगळे मंदिराच्या भांडारात टाकते. तो तिचे कौतुक करतो, शंका नाही. पण तिच्यासारखे तुम्हीही करा, असे तिथे कुठे म्हटलेले नाही. आणि तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला त्याच मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही म्हणतो.

तिचे औदार्य खरे होते. तिचे घर गिळणारेही खरे होते. पाळकसाहेब, प्रवचनात दोन्ही एकत्र कधी येणार?

वसईचा पाऊस

हे मी आमच्या चर्चच्या फादरांना विचारणार आहे.

सेवक सोलापूर

मोगराताई, तुम्ही मला अडचणीत आणलेत. आमच्याकडे सुगीचा सण जवळ आला आहे. दरवर्षी त्या दिवशी दोन टोल्यांवरच बोलतो. लोक ज्वारी, कोंबड्या, भोपळे घेऊन येतात, उपासनेनंतर लिलाव होतो. एखादी म्हातारी चार अंडी आणते आणि ती अंडी कुणीतरी पाचशे रुपयांना घेतो, सगळे टाळ्या वाजवतात. वातावरण फार आनंदाचे असते आणि ते मला घालवायचे नाही.

सहनशीलतेबद्दलचे माझे मत मी सोडलेले नाही. आईने जे केले त्याने मला वाढवले, हे खरेच आहे. तिला कुणी वाचवायला आले नाही, हेही खरे. यंदा उतारा अडतिसाव्या वचनापासून वाचीन. सौम्यतेवर बोलायचे झाले तर आधी मंडळीच्या पंचांना उद्देशून बोलीन. लोक काय म्हणतील ते इथे येऊन सांगतो.

मोगरा

उतारा वाचा, लिलावही करा. अंडी पाचशेला जाऊ देत. फक्त एक करा. वर्गणी कुणी किती दिली ती यादी माइकवर वाचणे बंद करा. ज्यांच्याकडे द्यायला नसते त्या बायका त्या दिवशी आजारी पडतात.

आत्याबाई

+१००. आणि ती चार अंडी आणणारी म्हातारी त्या दिवशी जेवून जाते की नाही तेही बघा.

सेवक सोलापूर

जेवण असते, मटणाचे असते. यादीचा विषय कमिटीपुढे ठेवतो. खजिनदार ऐकणार नाहीत, माइक त्यांच्याच घरचा आहे.